कारखाना, यार्ड, बांधकाम: कामाच्या जागेवरच्या सुरक्षेबद्दल गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेर्णे, कुंडई, पिळर्ण, कुंकळ्ळी, डिचोली इथल्या औद्योगिक वसाहतींतले छोटे-मोठे कारखाने, मांडवी-झुवारीच्या काठावरचे बार्ज दुरुस्तीचे यार्ड, मासळीची शीतगृहे, हॉटेलांची बांधकामे आणि स्वयंपाकघरे या ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी आणि काम करवून घेणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. ज्या कामांत माणसे मरतात त्यांवर जास्त लिहिले आहे, बाकीच्यांवर थोडक्यात.

धोका आणि जोखीम वेगवेगळे का मोजतात?

थिनरचा ड्रम हा धोका आहे. तो बंद झाकणाने वेगळ्या हवेशीर खोलीत असेल तर जोखीम कमी; तोच उघडा ड्रम वेल्डिंगपासून तीन मीटरवर असेल तर जोखीम फार मोठी. म्हणून कामाची पाहणी करताना दोन रकाने ठेवतात: काय इजा करू शकते, आणि ती इजा होण्याची शक्यता किती व होईल ती किती गंभीर. दुसऱ्या रकान्यात फरक पडेल असे काही केले नाही तर ती पाहणी कागदावरच राहिली.

‘नियर मिस’ म्हणजे इजा होता होता टळलेली घटना. परांचीवरून पान्हा पडला आणि कोणाला लागला नाही, हीसुद्धा नोंदवायची घटना आहे. पान्हा कुठून पडला, तिथे कडेची फळी होती का, हे त्याच दिवशी पाहायला हवे.

हेल्मेट, बूट, हातमोजे दिले की मालकाची जबाबदारी संपते का?

नाही. अंगावरची साधने शेवटच्या पायरीवर येतात. क्रम असा: धोका मुळातच काढून टाकता येतो का, नसेल तर कमी धोकादायक वस्तू किंवा पद्धत वापरता येते का, नसेल तर यंत्राला जाळी, धूर ओढणारा पंखा, कठडा असा अडथळा घालता येतो का, मग कामाची पद्धत, प्रशिक्षण, पाळ्या, आणि सगळ्यात शेवटी हेल्मेट-मास्क. कारण साधे आहे. जाळी चोवीस तास जागेवर असते. मास्क मात्र माणसाने दर वेळी आठवणीने, नीट बसवून लावावा लागतो, आणि मे महिन्यातल्या दमट दुपारी तो दहा मिनिटांत नाकाखाली येतो.

लादी कापताना धूळ उडते, हे उदाहरण घ्या. कटरला पाण्याची बारीक धार जोडली की बहुतेक धूळ जागीच बसते. त्यानंतर मास्क लावला तर त्याला झेपेल एवढेच काम त्याच्याकडे उरते. कोरडे कापून नुसता मास्क देणे म्हणजे सिलिकाची धूळ फुफ्फुसात जाऊ देणे. सिलिकोसिस एकदा झाला की बरा होत नाही.

वर्क परमिट कशासाठी? सही घेण्यात वेळ जातो.

परमिट म्हणजे चार गोष्टी जागेवर जाऊन पाहिल्याचा पुरावा: काय काम, कुठे, किती वेळ, आणि सुरू करण्यापूर्वी काय बंद केले व तपासले. ऑफिसात बसून सही केलेल्या परमिटला अर्थ नाही. पाळी बदलली, पाऊस आला किंवा शेजारी दुसरे काम सुरू झाले की जुने परमिट संपले असे समजावे. आग लागू शकेल असे काम, बंदिस्त जागा, उंची, विजेचे काम आणि खोदकाम यांना परमिट हवेच.

बार्जची टाकी, सेप्टिक टँक, ट्रॉलरचे मासळी ठेवायचे होल्ड यांत शिरण्यापूर्वी काय करायचे?

पहिला प्रश्न असा विचारा: शिरायलाच हवे का? सेप्टिक टँक आणि गटार यांच्या बाबतीत उत्तर ठरलेले आहे. सुरक्षा साधनांशिवाय माणूस आत उतरवून सफाई करवून घेणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मैला ओढून घेणारा टँकर बोलवा. हॉटेलच्या किंवा हाउसिंग सोसायटीच्या टाकीत ‘पटकन उतरून बघ’ म्हणून कोणाला पाठवू नका.

बाकी टाक्यांत घात होतो तो हवेचा. बंद पोलादी टाकीत गंज चढताना तो आतला ऑक्सिजन खातो. त्यामुळे महिनोन्‌महिने बंद असलेल्या, दिसायला स्वच्छ आणि रिकाम्या व्हॉइडमध्येही (बार्जच्या बंद पोकळ कप्प्यात) जीव जाऊ शकतो. सडणारी मासळी ऑक्सिजन संपवते आणि हायड्रोजन सल्फाइड सोडते. आंबवण्याच्या टाकीत कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो. 19.5 च्या खाली आत जायचे नाही. दहा टक्क्यांच्या खाली माणूस बेशुद्ध पडतो, सहाच्या खाली काही मिनिटांत मरतो. दम लागेल, मग बाहेर येऊ, असा विचार इथे चालत नाही. पाय लुळे पडतात आणि शिडी चढता येत नाही.

करायची कामे, याच क्रमाने:

1. टाकीला येणारे सगळे पाइप तोडून वेगळे करा किंवा आंधळी (भोक नसलेली) चकती बसवा. नुसता व्हॉल्व्ह बंद करणे पुरत नाही, व्हॉल्व्ह गळतात.
2. दोन्ही मॅनहोल उघडा. ब्लोअरची नळी तळापर्यंत सोडून ताजी हवा भरा. हवेसाठी ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही सोडू नका. ऑक्सिजन 23.5 टक्क्यांच्या वर गेला की कपडे, केस, ग्रीस एका ठिणगीने भडकतात.
3. चार वायूंचे डिटेक्टर दोरीने खाली सोडून वर, मध्ये आणि तळाला, तीनही ठिकाणी मोजा. प्रत्येक पातळीवर आकडा स्थिर होईपर्यंत थांबा.
4. आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी. हा क्रम उगाच नाही. ज्वलनशील वायू मोजणाऱ्या नेहमीच्या सेन्सरला स्वतःला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन फार कमी असेल तर तो खोटा कमी आकडा दाखवतो.
5. ज्वलनशील वायू स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी, हायड्रोजन सल्फाइड 10 पीपीएमपेक्षा (हवेच्या दहा लाख भागांत 10 भाग) कमी आणि कार्बन मोनॉक्साइड 25 पीपीएमपेक्षा कमी असेल तरच आत.
6. आतला दिवा 24 व्होल्टचा. ब्लोअर काम संपेपर्यंत चालू. डिटेक्टर आतल्या माणसाच्या अंगावर, कारण गंज खरवडताना किंवा गाळ हलवताना अडकलेला वायू मोकळा होतो.
7. बाहेर एक माणूस सतत उभा. त्याला दुसरे कोणतेही काम द्यायचे नाही. आतल्या माणसाच्या हार्नेसला (अंगावर बांधायच्या सुरक्षा पट्ट्यांना) दोरी, आणि वर तिपाई व विंच.

आतला माणूस पडला तर दुसऱ्याने उतरावे का?

नाही. बंदिस्त जागांतल्या मृत्यूंचा अमेरिकेत अभ्यास झाला तेव्हा मेलेल्यांत बरीच माणसे वाचवायला उतरलेली निघाली. भाऊ, मित्र, गाववाला आत पडलेला दिसतो आणि पाय आपोआप शिडीकडे वळतात. म्हणूनच विंच आणि दोरी आधीपासून बांधलेली हवी, म्हणजे बाहेरूनच ओढता येते. ते नसेल तर 101 किंवा 112 ला फोन करा, ब्लोअरची हवा वाढवा, आणि हवेच्या सिलिंडरचा श्वसनसंच असलेल्या प्रशिक्षित माणसाखेरीज कोणालाही आत सोडू नका. साधा कार्ट्रिजचा मास्क इथे काही कामाचा नाही. तो हवा गाळतो, ऑक्सिजन बनवत नाही.

वास येत नाही म्हणजे वायू नाही ना?

उलट होऊ शकते. हायड्रोजन सल्फाइडला थोड्या प्रमाणात सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण 100 पीपीएमच्या आसपास नाकाची वास घेण्याची शक्ती काही मिनिटांत मरते. ‘आधी वास येत होता, आता गेला’ असे कोणी म्हटले तर त्याला लगेच बाहेर काढा. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो.

पावसाळ्याआधी शेडच्या छपरावर चढताना काय सांभाळायचे?

एप्रिल-मेमध्ये गोव्यात प्रत्येक वसाहतीत पत्रे बदलणे, गळती बुजवणे, पन्हाळी साफ करणे सुरू होते, आणि माणसे पत्र्यातून खाली पडतात. सिमेंटचा पत्रा दिसायला भक्कम असतो, पण जुना झाला की माणसाच्या वजनाला काहीही इशारा न देता फुटतो. उजेडासाठी घातलेले प्लॅस्टिकचे पत्रे तर धूळ आणि शेवाळ चढल्यावर बाकीच्यांसारखेच दिसतात. ‘बोल्टच्या रांगेवरून चाल, खाली कैची आहे’ हा सल्ला अनेक मेस्त्री देतात. त्यावर विसंबू नका. एक पाय घसरला की तो पत्र्यावरच पडतो.

शक्य असेल तर काम खालून, परांची किंवा उचलणाऱ्या प्लॅटफॉर्मवरून करा. वर जायचेच असेल तर किमान तीन कैच्यांच्या पट्ट्यांवर टेकतील एवढ्या लांब फळ्या टाका, आणि एका फळीवर उभे राहून दुसरी पुढे सरकवता यावी म्हणून दोन संच ठेवा. छपराखाली जाळी बांधा. हार्नेसची दोरी पोलादी सांगाड्याला किंवा त्यासाठी ताणलेल्या तारेला अडकवा, पन्हाळीला किंवा पाइपला नाही. पाऊस पडून गेलेल्या सकाळी शेवाळलेल्या छपरावर काम करायचे नाही. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते, त्यामुळे ते कोरडे कापू, घासू किंवा आपटून फोडू नका. ओले करून अख्खे उतरवा.

हार्नेस घातला आहे, मग पडलो तरी वाचणार ना?

खाली पुरेशी जागा असेल तरच. दोन मीटरची दोरी पायाच्या पातळीवर अडकवली तर हिशेब असा होतो: दोरी 2 मीटर, धक्का शोषणारा पॅक उलगडून 1.75 मीटर, अडकण्याच्या जागेपासून पायापर्यंत अंग सुमारे 1.5 मीटर, आणि वर 1 मीटर राखीव. एकूण सव्वासहा मीटर. पाच मीटर उंचीच्या शेडवर अशी दोरी वापरली तर माणूस जमिनीवर आपटेल, पॅक पूर्ण उलगडण्याआधीच. उपाय म्हणजे दोरी डोक्याच्या वर अडकवणे, आखूड दोरी वापरणे किंवा गाडीच्या सीटबेल्टसारखे आपोआप अडकणारे रील लावणे.

फक्त कमरेचा पट्टा पडण्यापासून वाचवण्यासाठी वापरू नका. पडताना सगळा धक्का पोटावर आणि मणक्यावर येतो. पूर्ण अंगाचा हार्नेस घ्या, त्यावर आयएस 3521 ची खूण बघा. मांडीचे पट्टे घट्ट हवेत, आत सपाट तळहात जाईल पण मूठ जाणार नाही एवढे. दोन हुकांची दोरी घ्या, म्हणजे पुढे सरकताना एक हुक कायम अडकलेला राहतो.

आपल्याकडच्या खाऱ्या हवेत हुकाची स्प्रिंग गंजते आणि दाते पूर्ण मिटत नाहीत. दर वेळी हुक उघडझाप करून पाहा. शिलाई सुटलेली, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी भोके पडलेली, रंगाचे किंवा आम्लाचे डाग पडलेली पट्टी कापून फेकून द्या. नुसती बाजूला ठेवली तर दुसरा कोणी ती घालून वर चढतो. एकदा पडण्याचा धक्का घेतलेला हार्नेसही तसाच बाद.

लटकलेल्या माणसाला उतरवण्याची सोय आधी ठरवा. मांडीचे पट्टे रक्त अडवतात आणि काही मिनिटांत तो बेशुद्ध होऊ शकतो. अग्निशमन दल येईपर्यंत थांबू, ही योजना होऊ शकत नाही.

शिडी किती तिरकी लावायची?

चारास एक: चार मीटर उंचीला पाया भिंतीपासून एक मीटर. वरचे टोक उतरण्याच्या जागेच्या एक मीटर वर, आणि बांधलेले. विजेच्या तारांजवळ ॲल्युमिनियमची शिडी न्यायची नाही.

अँगल ग्राइंडरचे गार्ड काढल्याशिवाय काही कोपऱ्यांत हात पोचत नाही. काय करायचे?

गार्ड काढायचे नाही. लहान चकतीचे मशीन, डाय ग्राइंडर किंवा कानस वापरा. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे 11,000 फेरे मारतो. चकती फुटली तर तुकडा गोळीच्या वेगाने चेहऱ्याकडे किंवा मांडीकडे येतो, आणि गार्ड त्याच दिशेने अडवते. चकतीवर छापलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त हवा. मोठ्या मशीनची उरलेली चकती लहान मशीनला लावणे हे मरणाचे काम आहे. लहान मशीन जास्त वेगाने फिरते. कापायच्या पातळ चकतीच्या बाजूने घासू नका. लाकूड कापायचे दातेरी पाते ग्राइंडरला लावू नका, ते अडकून मशीन उसळते. चकतीवरची मुदत पाहा. पावसाळ्यात ओलाव्यात पडलेली चकती आतून कमजोर होते.

टेबलावरच्या ग्राइंडरला टेकू आणि दगड यांत 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. दगड झिजतो तशी फट वाढते, आणि त्यात वस्तू ओढली जाऊन बोटे जातात. नवीन दगड बसवण्यापूर्वी लाकडी मुठीने हलके ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज म्हणजे तडा.

ड्रिल, लेथ, फिरत्या शाफ्टजवळ हातमोजे घालायचे नाहीत. मोजा गुंडाळला की हात आत.

मशीन साफ करताना स्विच बंद केला होता, तरी सुरू झाले. असे का होते?

स्टॉपचे बटण फक्त नियंत्रणाचा प्रवाह तोडते. दुसरा कोणी पॅनेलवरून, किंवा टायमर वा सेन्सर स्वतःच, मशीन पुन्हा सुरू करू शकतो. म्हणून कुलूप आणि पाटीची पद्धत: सगळ्यांना कळवा, मशीन नेहमीप्रमाणे थांबवा, मुख्य आयसोलेटर (मशीनची वीज तोडणारा स्विच) बंद करा, त्यावर स्वतःचे कुलूप लावा आणि नाव लिहिलेली पाटी अडकवा. मग साठलेली ऊर्जा सोडा: हवेचा दाब, हायड्रॉलिक दाब, ताणलेली स्प्रिंग, वर उचललेला प्रेसचा डोका. प्रेसच्या डोक्याखाली ठोकळा द्या. ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही चार्ज राहतो, पाटीवर लिहिलेली मिनिटे थांबा. शेवटी स्टार्टचे बटण दाबून पाहा. काही हलले नाही तरच हात आत घाला.

पाच जण काम करत असतील तर पाच कुलपे. किल्ली ज्याची त्याच्या खिशात. सुपरवायझरने सगळ्यांच्या वतीने एक कुलूप लावणे चालणार नाही.

रिकाम्या ड्रमला वेल्डिंग केले तर काय होते?

झाकण किंवा तळ उडून स्फोट होतो. तळाशी राहिलेला थिनर, डिझेल किंवा रंगाचा थोडा थर तापून वाफ होते आणि हवेशी मिसळते. भरलेल्या ड्रमपेक्षा ‘रिकामा’ ड्रम जास्त घातक. ड्रम कापून कचराकुंडी किंवा चूल बनवायची असेल तर ज्यात असे काही कधी भरलेच नव्हते असा ड्रम घ्या.

वेल्डिंगच्या जागेपासून 11 मीटरपर्यंतच्या जळणाऱ्या वस्तू हलवा किंवा आगरोधक चादरीने झाका. भिंतीच्या पलीकडे आणि खालच्या मजल्यावरही पाहा. अग्निशामक घेऊन एक माणूस काम चालू असताना आणि संपल्यावर किमान अर्धा तास तिथेच थांबवा. भुशात, चिंध्यांत, थर्माकोलमागे ठिणगी धुमसत राहते आणि सगळे जेवायला गेल्यावर आग दिसते.

ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल-ग्रीस कधी लावू नका. ऑक्सिजनच्या दाबाखाली तेल स्वतः पेटते. ॲसिटिलीनचा सिलिंडर उभाच ठेवा, साखळीने बांधून, आणि दोन्ही नळ्यांना ज्योत उलटी जाऊ न देणारे अरेस्टर लावा.

यार्डात घामाने भिजलेला वेल्डर ओल्या पोलादावर टेकून इलेक्ट्रोड बदलतो, तेव्हा मशीनचे 70-80 व्होल्टही जीव घेऊ शकतात. कोरडे चामडी हातमोजे, रबराची चटई, आणि इलेक्ट्रोड काढताना व्होल्ट आपोआप उतरवणारे उपकरण वापरा.

कोणता मास्क कशासाठी?

कापडी रुमाल आणि सर्जिकल मास्क धुळीसाठी नाहीत. बारीक धूळ आणि वेल्डिंगचा धूर यांना आयएस 9473 चा एफएफपी2 घ्या. रंग, थिनर यांच्या वाफेला तपकिरी पट्ट्याचे कार्ट्रिज, अमोनियाला हिरव्या पट्ट्याचे. धुळीचा मास्क वाफ अजिबात अडवत नाही. दाढी असेल तर कडा बसत नाहीत आणि हवा बाजूने शिरते. घातल्यावर तळहातांनी झाकून जोरात श्वास सोडा. कडेने हवा जाणवली तर पुन्हा बसवा. कार्ट्रिज उघडे टांगून ठेवू नका. आपल्या दमट हवेत कार्बन पाणी शोषून लवकर निकामी होतो. काम झाले की हवाबंद पिशवीत घाला आणि उघडल्याची तारीख लिहा.

हेल्मेट आणि सेफ्टी शूज किती दिवस चालतात?

हेल्मेटच्या आत बनवल्याची तारीख कोरलेली असते. उत्पादकाने दिलेली मुदत पाळा, आणि एक जरी जोराचा फटका बसला तरी तडा दिसो न दिसो, बदला. दोन्ही बाजूंनी दाबून पाहा. कर्र आवाज आला किंवा रंग पांढुरका झाला असेल तर उन्हाने प्लॅस्टिक मेले आहे. आतली पट्टी डोके आणि कवच यांत अंतर ठेवते, त्या जागेत मोबाइल किंवा टोपी कोंबू नका. थिनरने पुसू नका.

बुटांच्या बाबतीत गोव्यात एक वेगळीच अडचण येते. पॉलियुरेथेनचा तळ दमट हवेत हळूहळू विरघळतो. स्टोअरमध्ये दोन-तीन पावसाळे पडून राहिलेला नवा कोरा जोड घातल्यावर आठवड्यात तळ तुकडे होऊन गळतो. एकदम मोठा साठा घेऊ नका, आणि आधी आलेला माल आधी वाटा.

शीतगृहात किंवा बर्फाच्या कारखान्यात अमोनिया गळला तर कुठे पळायचे?

वाऱ्याच्या आडव्या दिशेने, मग वाऱ्याच्या विरुद्ध. छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी यासाठीच लावतात. ती फाटली असेल तर आजच बदला. ओला रुमाल नाकावर धरा, अमोनिया पाण्यात विरघळतो. अमोनिया हवेपेक्षा हलका असला तरी द्रवरूपात फुटून बाहेर येतो तेव्हा त्याचा थंड पांढरा ढग जमिनीलगत सरकतो, त्यामुळे खाली बसू नका.

अमोनिया पाच पीपीएमच्या आसपासच नाकाला कळतो, आणि 300 पीपीएमला जिवाला तात्काळ धोका. मधल्या अंतरात निघून जायला वेळ मिळतो. तो वेळ मोबाइलवर व्हिडिओ काढण्यात घालवू नका. हवेतल्या ढगावर पाण्याचा फवारा मारता येतो, पण जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी ओतू नका. तो उकळून आणखी वायू सोडतो. व्हॉल्व्ह बंद करायला जायचे ते श्वसनसंच आणि पूर्ण पोशाख घालून, दोघांनी.

पावसाळ्यात विजेचा धक्का टाळण्यासाठी किमान काय हवे?

बाहेर वापरायच्या प्रत्येक हत्याराच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच), आणि त्याचे चाचणी बटण महिन्यातून एकदा दाबून पाहणे. बटण दाबून तो पडला नाही तर तो नुसता डबा आहे. प्लगशिवाय उघड्या तारा सॉकेटमध्ये काड्यांनी खोचू नका. वायर जमिनीवरून पाण्यातून न नेता खांबांवर टांगा. धक्का बसलेल्या माणसाला हात लावण्याआधी पुरवठा बंद करा.

कोणत्या आगीला कोणता अग्निशामक?

लाकूड, कागद, कापड यांना पाणी किंवा एबीसी पावडर. तेल, रंग यांना फोम किंवा पावडर. विजेच्या पॅनेलला कार्बन डायऑक्साइड, कारण तो मागे कचरा ठेवत नाही. पण लहान बंद खोलीत तो सोडून आत थांबू नका, आणि त्याचा भोंगा उघड्या हाताने धरू नका, कातडी गोठते. हॉटेलच्या कढईतल्या तेलाला पाणी कधीही नाही. गॅस बंद करा, झाकण घाला, आणि स्वयंपाकघरात वेट केमिकलचा अग्निशामक ठेवा.

सहा किलोची पावडर जेमतेम 15 ते 20 सेकंद चालते. पिन काढा, दोन मीटरवरून आगीच्या बुडावर धरा, दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. पाठ दाराकडे ठेवा. एका बाटलीत विझली नाही तर बाहेर पडून 101. पावडरच्या बाटलीचा काटा हिरव्यात हवा. कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीला काटा नसतो, ती वजन करून तपासतात. वायूच्या वजनात दहा टक्के घट म्हणजे पुन्हा भरणे.

कान किती आवाज सहन करतात?

90 डेसिबलला आठ तास, 95 ला चार, 100 ला दोन. हात लांबीवरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर प्लग घाला. तो पिळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर ओढा, आत घाला आणि फुगेपर्यंत धरा.

दमट उन्हात काम करणाऱ्यांना चक्कर का येते?

घाम येतो पण सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. दर 15-20 मिनिटांनी एक पेला पाणी, तहान लागण्याची वाट न पाहता. नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण काम देऊ नका. पाचव्या भागापासून सुरू करून रोज थोडे वाढवा. माणूस असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात आहे. सावलीत न्या, कपडे सैल करा, पाणी ओता, पंखा लावा, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा आणि 108 ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

रुग्णवाहिका येईपर्यंत काय करावे?

डोळ्यात रसायन गेले तर लगेच वाहत्या पाण्याने किमान 15 मिनिटे, पापण्या उघड्या धरून. लिंबू, सोडा असले उलटे रसायन घालून ‘मारायचा’ प्रयत्न करू नका. भाजले तर नळाखाली 20 मिनिटे, टूथपेस्ट किंवा तूप नको. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखमेवर थेट दाब, सारखे उघडून पाहू नका.

बोट तुटले तर तुकडा ओल्या स्वच्छ गॉझमध्ये गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर पेशी मरतात. तो रुग्णाबरोबरच पाठवा.

ठेकेदाराचा कामगार जखमी झाला तर मुख्य मालक हात झटकू शकतो का?

नाही. जागा, यंत्र आणि परमिट ज्याच्या ताब्यात, त्याची जबाबदारी राहते. कामगार ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असेल तर कामावरच्या इजेसाठी किती हप्ते भरले याची अट नाही. तात्पुरत्या अपंगत्वात पगाराच्या 90 टक्के भरपाई मिळते. त्यासाठी अपघाताची नोंद त्याच दिवशी अपघात वहीत व्हायला हवी. ‘घरी पडला’ असे लिहवून घेतले की तो हक्क बुडतो. कामगाराने अशा कागदावर सही करू नये.

जागा धोक्याची वाटली तर काम थांबवायला सांगता येते का?

हो. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता 2020 नुसार, गंभीर इजेची किंवा जिवाची तात्काळ भीती वाटली तर कामगार मालकाला थेट किंवा सुरक्षा समितीमार्फत कळवू शकतो, आणि त्याच वेळी निरीक्षकालाही. मालकाला धोका मान्य असेल तर त्याने लगेच उपाय करायचा आणि निरीक्षकाला कळवायचे. मान्य नसेल तर प्रकरण निरीक्षकाकडे पाठवायचे, आणि त्याचा निर्णय अंतिम. गोव्यात कारखान्यांसाठी हे काम कारखाने व बाष्पके निरीक्षणालय पाहते, त्याचे कार्यालय पणजीत आल्तिनोवर आहे. तक्रार लेखी द्या: जागा, यंत्र, तारीख, काय बिघडले आहे, कोणाला आधी सांगितले. फोटो जोडा.

पाट्या मराठीत लावल्या आहेत, पुरे ना?

तुमच्या पाळीवर कोण आहे ते पाहा. यार्डात आणि बांधकामांवर ओडिशा, झारखंड, उत्तर प्रदेश, कर्नाटकातली माणसे मोठ्या संख्येने असतात. कोकणी-मराठीबरोबर हिंदी, कन्नड आणि जी भाषा बहुतेकांना वाचता येते ती हवी, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्र. रोज काम सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटे त्या दिवसाच्या एकाच धोक्यावर बोला, आणि शेवटी एखाद्याला ते स्वतःच्या भाषेत परत सांगायला लावा. ‘समजले का?’ या प्रश्नाला सगळे मान हलवतात.